झडप वाचवणारी सिस्टर

हृदयरोगासाठी मनुष्यबळ मोजायला बसलं, की कार्डिओलॉजिस्ट किती आणि सर्जन किती, एवढाच हिशोब होतो. रुमॅटिक हृदयविकारात, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणारा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो त्या आजारात, मात्र मुलाची झडप राखते ती दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिन टोचणारी नर्स. युगांडातल्या गुलूमध्ये इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) सुप्त आजार सापडलेल्या ८१८ मुलांवर अभ्यास झाला. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा.

औषध बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट. साधारण २७ ते ३० किलोच्या आतल्या मुलांना ६ लाख. याची भुकटी पाण्यात पूर्ण विरघळत नाही. आधीच मिसळून ठेवली तर कण खाली बसतात, सुई तुंबते आणि निम्मा डोस सिरिंजमध्येच राहतो. म्हणून मूल आडवं झाल्यावरच औषध तयार करावं, २१ नंबरची सुई घ्यावी. टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावं. शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. मग दोन-तीन मिनिटं घेत सावकाश, न थांबता सोडावं. घाईत दिलेलं इंजेक्शन फार दुखतं, आणि एकदा घाबरलेलं मूल पुढच्या तारखेला येत नाही.

दुसरी अडचण रिअ‍ॅक्शनच्या धास्तीची. लहान केंद्रं त्यापायी इंजेक्शन नाकारतात आणि पालकांना जिल्ह्याच्या गावी धाडतात. खरी अ‍ॅलर्जी क्वचितच होते. अशा वेळी जीव वाचवणारं अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी हवं, ते मांडीत कसं द्यायचं याचा सराव हवा, रुग्णाला अर्धा तास थांबवून ठेवावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली: झडप फार खराब असलेल्या रुग्णांचे इंजेक्शननंतरचे काही मृत्यू अ‍ॅलर्जीचे नसून, कमजोर हृदयाला तो ताण न झेपल्याचे असावेत. अशांना तोंडाने गोळ्या द्याव्यात. बाकीच्यांनी उपाशीपोटी येऊ नये, पाणी पिऊन यावं.

झडपेला इजा राहिली असेल तर हे किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत चालतं, यांपैकी जे जास्त असेल ते. चार आठवड्यांच्या हिशोबानं वर्षाला तेरा इंजेक्शनं. डॉक्टर बदलतात, बदल्या होतात. तारखा सांभाळतात ती रजिस्टर ठेवणारी माणसं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाकडे मागचा डोस आणि पुढची तारीख लिहिलेलं कार्ड असावं, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातली सिस्टरही पुढचं इंजेक्शन देऊ शकेल.