जांबोटी-कणकुंबी रस्ता, तिसरा पावसाळा: बेडकांची वही आणि आज्जींच्या खड्ड्यातलं देवगांडूळ

मंडळी, मागचं अपडेट वळवाच्या पावसात टाकलं होतं आणि आता थेट हस्त लागल्यावर लिहायला बसलोय. मधे जमलंच नाही, शनिवारची रात्र रस्त्यावर, रविवार फोटो आणि वही जुळवण्यात, सोमवारी परत ड्युटी. पण तीन वर्षांत यंदाचं काम सगळ्यात नीट झालं म्हणून जरा सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बसा.

नवीन लोकांसाठी थोडं सांगतो. आम्ही नऊ जण, निम्मे बेळगावचे, निम्मे खानापूर तालुक्यातले. हायस्कूलचे एक सर, एक गॅरेजवाला, दोन कॉलेजची पोरं, आशा वर्कर असलेली एक ताई, बाकी माझ्यासारखे नोकरदार. बेळगावहून गोव्याला जाणारा चोर्ल्याचा रस्ता आहे ना, त्यातला जांबोटी सोडल्यावर कणकुंबीच्या बाजूचा दोन किलोमीटरचा तुकडा आम्ही धरलाय. मृगापासून दर शनिवारी रात्री साडेसातला सुरू करायचं, दोन्ही कडांनी चालत जायचं आणि डांबरावर जिवंत-मेलेलं जे दिसेल ते वहीत लिहायचं. नेमका तुकडा कुठला ते इथं सांगत नाही, कारण पहिल्या वर्षी एकानं लोकेशन टाकलं आणि पुढच्याच रविवारी फोटोवाले गाड्या भरून आले, झुडपं तुडवून गेले. जंगलाच्या आत आम्ही जात नाही, रात्री परवानगीशिवाय जायचंच नसतं. आमचं काम रस्ता, आणि मालकाला विचारून त्याचं शेत, एवढ्यातच.

आता हाच भाग का, तर हा तालुकाच तसा आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा निघते ती पूर्वेला कृष्णेला जाऊन मिळते, आणि ह्याच तालुक्यातल्या देगावकडची म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते, म्हणजे एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, आणि त्या रानातल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली पहिल्यांदा शास्त्रात नोंदलं गेलं, पुढं कित्येक दशकं जगात त्याची तेवढी एकच वसाहत माहीत होती. मी ह्याच भागात शाळा शिकलो, मला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, चाळिशीत आल्यावर कळलं. म्हणून आता सर त्यांच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात हे सांगतात.

बरं, आता यंदाचं.

मृग सुरू व्हायच्या आधी आम्ही बसून एक गोष्ट तपासली जी मला दोन वर्षं खटकत होती. गेल्या वर्षी पाऊस जास्त असला की काही जण बाईकवरूनच मोजायचे आणि तो आकडा आम्ही चालत मोजलेल्या आकड्याशेजारी तसाच लिहायचो. यंदा एकाच रात्री, त्याच तुकड्यावर, आधी दोघं बाईकवरून गेले आणि मागून आम्ही चालत गेलो. बाईकवाल्यांना मेलेले दिसले ४, चालणाऱ्यांना १९. बाईकवरून मोठा भेंडा (बुलफ्रॉग) आणि साप तेवढा दिसतो, नखाएवढं झुडपी बेडूक, छोटा खेकडा, वाळा साप ह्यातलं काहीच दिसत नाही. म्हणजे गेल्या वर्षीचे आमचे निम्मे शनिवार तुलनेला बादच. वाईट वाटलं, पण ते कॉलम लाल पेनानं खोडले आणि यंदापासून फक्त चालत, असं ठरवलं. तुमच्यापैकी कुणी असलं काम सुरू करत असाल तर पहिल्या दिवसापासून एकच पद्धत धरा, वेळ तीच, तुकडा तोच, वेग तोच, माणसं शक्यतो तीच. आणि सकाळी जाऊन मोजू नका, कारण उजाडेपर्यंत कावळे, कुत्री, उंदीर निम्मं उचलून नेतात आणि उरलेलं पाऊस धुऊन टाकतो. मेलेल्याचा फोटो काढला, बाजूला पट्टी ठेवली, जीपीएस घेतलं की लगेच काठीनं कडेला सारायचं, म्हणजे परत मोजलं जात नाही आणि ते खायला आलेलं दुसरं काही गाडीखाली सापडत नाही.

दुसरी गोष्ट जळवांची. आमच्याकडं सगळेच तंबाखू-चुना सॉक्सवर चोळतात, तंबाखूचं पाणी पायाला लावतात, मी पण लावायचो. पण बेडकाची कातडी स्पंजासारखी असते, पाणी आणि हवा दोन्ही तो कातडीतनं घेतो, आणि तंबाखूचा हात लावून त्याला रस्त्याच्या कडेला सोडलं तर ते निकोटीन सरळ त्याच्या अंगात जातं. ओडोमॉसचंही तेच. आपण वाचवायला जातो आणि विष लावून सोडतो. यंदापासून तंबाखू बंद, त्याऐवजी गुडघ्यापर्यंत जाड विणीचे जळवांचे सॉक्स आणि गमबूट. शक्यतो हात लावायचाच नाही, लावावाच लागला तर आधी त्याच रस्त्यावरच्या पाण्यानं हात ओला करून. बूट घरी आल्यावर ब्लीचच्या पाण्यात बुडवून वाळवायचे, कारण बेडकांना आजारी पाडणारी कायट्रिड नावाची बुरशी बुटांच्या चिखलातून एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्याला जाऊ शकते. ह्यावर ग्रुपमधे थोडी वादावादी झाली, एवढं कोण करणार म्हणून, पण आता सगळे करतात.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात भेंडे निघाले, नर एकदम हळदीसारखे पिवळे आणि गळ्याच्या दोन पिशव्या निळ्या, भाताच्या खाचरात तो आवाज इतका होता की एकमेकांशी बोलताना ओरडावं लागत होतं. त्याच रात्री बॅटऱ्या आणि पोती घेऊन आलेली चार पोरं भेटली. आम्ही भांडलो नाही. खेकडे धरायला आमच्या भागात सगळेच पहिल्या पावसात बाहेर पडतात, मीही लहानपणी आजोबांबरोबर गेलोय, पण ह्यांच्या पोत्यात भेंडे होते. ताईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की १९७२ च्या कायद्यानं ह्याला बंदी आहे, आणि हा एक बेडूक भाताच्या खाचरातले खेकडे-किडे किती खातो ते पण सांगितलं. दोघांनी सोडले, दोघं पोतं घेऊन निघून गेले. जे झालं तसं वहीत लिहिलंय.

आर्द्रातला एक शनिवार हातचा गेला. मोजणी झाली होती, पण वही ज्या पिशवीत होती तिची चेन उघडी राहिली आणि शाईचं सगळं पान फुटलं. त्या रात्रीचा आकडा आठवून लिहू या असं एकजण म्हणाला, मी नको म्हटलं, ती ओळ रिकामी ठेवलीय. आता पेन्सिलनं लिहितो आणि प्रत्येक पान तिथंच मोबाईलवर फोटो.

तरण्या पावसात सगळ्यात कामाची गोष्ट कळली ती एका मामांकडून. लावणीवरून घोंगडी पांघरून घरी निघाले होते, आमच्या बॅटऱ्या बघून थांबले. "काय हुडकूलाय वो एवढ्या पावसात?" म्हटलं बेडकं मोजतोय मामा. "मोजून काय करणार?" मी सांगितलं की मरतात कुठं जास्त ते कळलं तर तेवढ्या जागेपुरतं गाड्या हळू जाऊ देत म्हणून अर्ज देता येतो. त्यावर ते लगेच म्हणाले, "मग त्या खालच्या मोरीपाशी बघा की, पाईप तुंबलाय कवाचा, वड्याचं पाणी रस्त्यावरनं जातंय, जनावर पण वरनंच जातंय." घरी येऊन तिन्ही वर्षांचे जीपीएस ठिपके एका नकाशावर टाकले तर खरंच, सगळ्यात दाट गर्दी त्याच मोरीच्या दोन्ही बाजूंना. दोन वर्षं आमच्या वहीत ते होतं आणि आम्ही फक्त रात्रीची बेरीज बघत बसलो होतो.

पंचायतीत जाऊन पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटलो, परवानगी मिळाली आणि एका रविवारी आम्ही सात जण आणि गावातली पाच-सहा माणसं मिळून ती मोरी मोकळी केली. पाईपच्या तोंडातून काय निघालं तर फांद्या, गाळ, आणि पोतंभर पाण्याच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं, गोव्याला जाताना गाडीतनं टाकलेली. त्यानंतरच्या शनिवारी मोरीपाशी मेलेले कमी मिळाले. पण पाऊसही कमी होता त्या आठवड्यात, म्हणून ह्याचं श्रेय मोरीला देत नाही अजून, पुढचे दोन पावसाळे बघायला लागतील.

झुडपी बेडकांबद्दल थोडंच लिहितो, कारण आवाजाची रेकॉर्डिंग अजून ऐकून झालेली नाहीत. बॉम्बे बुश फ्रॉग म्हणतात तो टिक-टिक-टिक असा टाईपरायटरसारखा ओरडतो. नाव मुंबईचं, पण १९१९ मधे त्याचं वर्णन झालं ते आपल्या शेजारच्या कॅसलरॉकच्या नमुन्यावरून, तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता. ह्या बेडकाला डबकं लागतच नाही, अंड्यातून सरळ छोटं बेडूकच बाहेर येतं. उलट मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. असली दोन घरटी एका शेतकऱ्याच्या सिमेंटच्या टाकीवर होती, तो दर वर्षी घाण म्हणून काठीनं काढायचा, यंदा ठेवली.

आता ज्याच्यासाठी मी हे अपडेट लिहितोय ते. देवगांडूळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा साप नाही आणि गांडूळही नाही, बेडकांच्याच नात्यातला बिनपायांचा प्राणी आहे, मोठेपणी मातीत राहतो, गांडुळं आणि वाळवी खातो. आपल्या चोर्ला गावातून २०११ साली एक नवीन जात जाहीर झाली, इक्थियोफिस डेव्हिडी, पश्चिम घाटातलं पट्टेवाल्यांमधलं सगळ्यात मोठं देवगांडूळ. त्याआधी २००७ मधे म्हादईच्या नावाची गेजेनिओफिस म्हादेइएन्सिस, ती पण ह्याच खोऱ्यातली. म्हणजे जगानं ज्यांना आपल्या तालुक्यामुळं ओळखलं ती जनावरं आपल्याच शेतात कुदळीनं मरतात, कारण दिसायला सापासारखी. मी तीन पावसाळ्यांत रस्त्यावर दोन मेलेली बघितली होती, दोन्ही चपटी, फोटोत ओळखू येतील इतपतच. जिवंत एकही नाही.

गेल्या वर्षी ताई लसीकरणाला घरोघरी जाताना मोबाईलवर त्याचे फोटो दाखवायच्या. एका घरातल्या आज्जींनी सांगितलं की हे आमच्या शेणखताच्या खड्ड्यात निघतंय, मी दोन तोडली कुदळीनं, नाग-बिग असंल म्हणून. ताईंनी तिथं बसून सगळं समजावलं, ह्याचा माणसाला धोका नाही, उलट हे माती भुसभुशीत ठेवतं. आज्जी तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या.

यंदा म्हाताऱ्या पावसात, रविवारी सकाळी सातला, त्यांच्या नातवाचा ताईंना फोन. "आज्जी म्हणतीया तुमचं ते जनावर आलंय, तोडलं न्हाई, घमेलं पालथं घातलंय, लवकर या." मी बेळगावातून निघून नऊला पोचलो, वाटेत कुसमळीच्या पुलापाशी इतका पाऊस की पुढचं दिसत नव्हतं. घमेलं उचललं आणि खाली ओल्या खतात ते होतं. दीड वीत लांब, करंगळीहून जाड, जांभळट तपकिरी आणि तेल लावल्यासारखं चकचकीत, अंगभर बारीक वळ्या, आणि डोक्यापासून शेपटाकडं दोन्ही कुशींना लिंबासारखा पिवळा पट्टा. वाळा सापाला कोरडे खवले असतात, ह्याला तसले खवले दिसत नाहीत, कातडी ओली. डोळा आणि नाकपुडी ह्यांच्या मधे एक बारीक मिशीसारखं टोक असतं ते आत-बाहेर करत होतं, वास घेत होतं.

आज्जी वाकून बघत म्हणाल्या, "ह्याला डोळंच न्हाईत की गं." ताई म्हणाल्या, "हाईत आज्जी, कातड्याखाली हाईत, बघा नीट." आणि आज्जी खरंच खाली बसल्या आणि बघत राहिल्या.

मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही, हात थरथरत होते, पहिले तीन फोटो हललेलेच आले. चार मिनिटांत फोटो संपवले, हात लावला नाही, पट्टी बाजूला ठेवून लांबी घेतली, वर ओलं खत परत सारलं. एका मिनिटात ते आत गेलं पण.

नोंद करताना मी फक्त "इक्थियोफिस, पट्टेवाला" एवढंच लिहिलंय, डेव्हिडी लिहिलेलं नाही. पट्टेवाल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, दात आणि वळ्या मोजल्याशिवाय जात ठरत नाही, आणि त्यासाठी जनावर मारायला किंवा उचलून न्यायला आपण कोण. फोटो आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाईटवर टाकलेत, लोकेशन झाकून. अभ्यासकांनी नुसत्या फोटोवरून सांगितलं तर उत्तम, नाही तर वंश तेवढा राहू दे. खड्ड्याच्या खालच्या बाजूला वीस पावलांवर ओहोळ आहे, ते महत्त्वाचं वाटतं, कारण इक्थियोफिसची मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांना वेटोळं घालून बसते आणि पिल्लांची सुरुवात पाण्यात होते. ओहोळात पिल्लं शोधायचा मोह झाला होता, दगड उलटावे लागले असते म्हणून सोडून दिलं.

पुढचं काम असं. मोरीजवळच्या तुकड्यासाठी जून ते सप्टेंबर रात्री गाड्या हळू चालवा असा फलक मराठी आणि कन्नड दोन्हीत लावायचा अर्ज तयार आहे, तीन वर्षांचा नकाशा जोडून फॉरेस्ट ऑफिसात आणि पंचायतीत देणार, खोडलेले शनिवार खोडलेलेच दाखवून. गेल्या वर्षी आम्ही स्वतः लावलेला पुठ्ठ्याचा फलक आठ दिवसांत कुणीतरी काढून नेला, त्यामुळं ह्या वेळी सरकारी खांबावरच हवा. कन्नड मजकूर कॉलेजच्या पोरानं लिहिलाय, आमच्यातला तोच एक नीट कन्नड लिहितो. कुणाकडं जुना, चालू अवस्थेतला साऊंड रेकॉर्डर असेल तर सांगा, मोबाईलवर पावसाचाच आवाज जास्त येतो.

काल आज्जींकडं गेलो होतो, रब्बीसाठी खत काढायला सुरुवात झालीय. तीन बाजूंनी खड्डा रिकामा केलाय आणि ओहोळाकडचा कोपरा तसाच ठेवलाय, वर नारळाच्या झावळ्या टाकून. मुलगा म्हणाला तेवढं पण काढू या, गाडी भरंल. आज्जी म्हणाल्या, "ते दिवाळीनंतर, आणि कुदळीनं न्हाई, हातानं काढायचं."