वारीच्या वाटेवर पायांची सूज

वारीत पाय सुजतात ते चालून चालून, असे बहुतेक जण धरून चालतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे 250 किलोमीटरची वाट चालताना मला जे दिसले, ते याहून वेगळे आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी रथामागच्या एका दिंडीत चालू लागले. दिंडीत सगळे मला सिस्टर म्हणतात, त्यामुळे मुक्कामावर राहुट्या लागल्या की कोणी ना कोणी "सिस्टर, पाय बघा जरा" म्हणत समोर येऊन बसते. इतके पाय पाहिल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की सूज चालण्याने येत नाही. ऊन, एका जागी उभे राहणे आणि पाय लोंबते ठेवून बसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती येते.

2023 च्या वारीत हे फारच स्पष्ट दिसले. त्या वर्षी पाऊस लांबला होता. 11 जूनला आळंदीहून प्रस्थान झाले आणि वारीचे बरेचसे दिवस आम्ही कोरड्या, तापलेल्या डांबरावरून चाललो. पुणे ते सासवड हा टप्पा एकादशीला येतो आणि तोच संपूर्ण वाटेवरचा सर्वांत मोठा टप्पा आहे. जवळपास 30 किलोमीटरची चाल, त्यात दिवे घाटाचा चढ, आणि पोटात उपवासाचे पदार्थ. सासवडच्या मुक्कामी त्या रात्री आमच्या दिंडीतल्या निम्म्याहून अधिक बायकांचे घोटे भरून आले होते, परंतु त्यातली विशेष गोष्ट अशी की घाट चढून वर येईपर्यंत यांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती. तंबूच्या जागेची वाट पाहत रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहावे लागले, त्या वेळात पाय चढले.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. उन्हात अंग थंड ठेवण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पायांकडे जास्त रक्त उतरते. ते रक्त परत हृदयाकडे चढवण्याचे काम मोठ्या प्रमाणात पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलाला पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते, शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस नुसता उभा राहिला की हे काम थांबते, शिरांमधला दाब वाढतो आणि रक्तातले पाणी बारीक वाहिन्यांमधून आजूबाजूला झिरपून घोट्याभोवती साठते. उन्हाची सवय नसलेल्या माणसाचे शरीर पहिल्या काही दिवसांत मीठ आणि पाणी धरूनही ठेवते, म्हणून शहरातून आलेल्या आणि वयस्क वारकऱ्यांना पुणे ते जेजुरी या पट्ट्यात सूज जास्त जाणवते, आणि पुढे लोणंद, फलटणपर्यंत अंग उन्हाला रुळले की तीच सूज पुष्कळदा आपोआप कमी होते.

सूज ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट करते. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटे वर अंगठा दाबून ठेवायचा आणि सावकाश पाच-सहा आकडे मोजून उचलायचा. खळगा पडून तसाच राहिला तर पाणी साठले आहे, एवढे नक्की. बायकांच्या बाबतीत मात्र त्याही आधी जोडवी सांगतात. सासवडला एका आजींच्या पायाकडे पाहिले तेव्हा अंगठ्याशेजारच्या बोटातली दोन्ही वेढ्यांची जोडवी मांसात रुतली होती, बोटाचे टोक लालसर होऊन तकाकत होते आणि वेढ्याच्या कडेने कातडीची वळी वर आली होती. जोडवी काढायला त्या तयार नव्हत्या, कारण ते सौभाग्याचे लेणे. मी त्यांना आडवे निजवून पाय वळकटीवर ठेवले, बोटाला खोबरेल लावले आणि अर्ध्या तासाने जोडवी हलकेच फिरवत काढली; धुऊन त्यांच्या पदराच्या गाठीत बांधून दिली. आता प्रस्थानाच्या आधीच दिंडीतल्या सगळ्या बायकांना मी सांगते की घट्ट जोडवी आणि पैंजण घरी देवापाशी ठेवून या. सूज चढल्यावर ती काढणे कठीण होते आणि कधीकधी कापावी लागतात, हे माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिलेले आहे.

उभे राहण्याचे प्रसंग वारीत टाळता येत नाहीत. पुण्यात पालखी शिरते तेव्हा गर्दीत पाऊल पुढे पडत नाही, आणि मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या उभ्या असतात. चोपदारांनी दंड उंच केला की लाखोंचा तो समुदाय क्षणात शांत होतो. त्या शांततेत इकडेतिकडे फिरावे असे मी कोणालाही म्हणणार नाही. पण उभ्या जागी टाचा उचलून चवड्यांवर यायचे आणि पुन्हा टेकायचे, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचा, बुटातल्या बुटात बोटे आवळायची आणि सोडायची, एवढे केले तरी पोटरीचे काम चालू राहते आणि शेजारच्याला कळतही नाही. आमचे टाळकरी याबाबत नशीबवान आहेत. टाळाच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्याच्या पोटऱ्या अखंड हलत असतात, आणि आमच्या दिंडीत सत्तरी ओलांडलेल्या टाळकऱ्यांचे घोटे कडेने नुसते उभे राहून पाहणाऱ्या तरुणांपेक्षा कमी सुजलेले मी स्वतः पाहिले आहेत. विसाव्याच्या ठिकाणी बायका फुगड्या घालतात त्याचाही हाच लाभ आहे.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण बायकांचे खरे हाल तिथे होतात. सुजलेल्या पायांत आधीच पाणी आहे, मग आणखी कशाला प्यायचे, असा समज आहे. आणि त्याहून मोठे कारण हे की वाटेत आडोसा मिळेल की नाही या धास्तीने बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर चालतात. शासनाने आणि सेवाभावी संस्थांनी अलीकडे तळांवर फिरती शौचालये मोठ्या संख्येने उभी केली आहेत, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी दोन विसाव्यांच्या मधल्या रस्त्यावर अडचण अजून राहते. पाणी कमी पडले की शरीर असलेले पाणी आणि मीठ धरून ठेवायला लागते, लघवी गडद पिवळी होते, जळजळ सुरू होते आणि उन्हाचा त्रास व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे पाणी तोडून सूज उतरवण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. तहान लागेल तसे थोडे थोडे पीत राहावे, लघवीचा रंग फिका असेल तर पुरेसे पाणी जात आहे असे समजावे. तहान नसताना बाटल्यांवर बाटल्या नुसते पाणी रिचवणेही धोक्याचे आहे, त्याने रक्तातले मीठ पातळ होते.

भरपूर घाम गेला असेल तर जलसंजीवनी घ्यावी, पण पुडी एक लिटर पाण्यासाठी असेल तर ती एक लिटरमध्येच विरघळवावी. वाटेत मिळणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या पोटात प्रत्येक घोटाबरोबर दुप्पट मीठ जाते. वाटेवर अन्नदान उदंड असते. त्यात फरसाण, वेफर्स, लोणचे, पापड यांचा मारा जास्त असतो, आणि जेवणाखेरीज दिवसभर असे खारट खात राहिले की संध्याकाळी पाय ते दाखवतात. केळी, काकडी, ताक यांकडे हात जावा, हे मी माउलींना हात जोडून सांगते.

मुक्कामावर पोचल्यावरचा पहिला अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा आहे. सामान लावणे, पाणी भरणे यांत तो जातो आणि मग माणूस ट्रकच्या फाळक्यावर पाय लोंबते सोडून बसतो, जे सुजेसाठी सर्वांत वाईट. त्याऐवजी आडवे व्हावे आणि वळकटी किंवा पिशव्या पोटरी व टाचेखाली अशा ठेवाव्यात की पाय छातीच्या पातळीपेक्षा वर राहतील. तंबूची जमीन उताराची असेल तर डोके उताराकडे आणि पाय चढाकडे करून झोपावे. पाय दाबून देण्याची सेवा ठिकठिकाणी असते, आणि अनोळखी वारकऱ्याचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळणारी कॉलेजची मुले पाहिली की मला भरून येते. त्यांना मी एवढेच सांगते की हात घोट्याकडून गुडघ्याकडे न्या, वरून खाली नको, आणि दाब हलका ठेवा. नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात त्या दिवशी पाण्याला ओढ नसेल आणि पायाला जखम नसेल तर गुडघ्याएवढ्या गार पाण्यात थोडा वेळ पाय हलवत राहावे. गारव्याने वाहिन्या आकसतात, पाण्याचा बाहेरून दाबही मिळतो, आणि भरलेले पाय हलके होतात.

बूट नवे नसावेत आणि दिवस कलल्यावर मोजून घेतलेले असावेत, कारण तेव्हा पाऊल थोडे मोठे झालेले असते. दिवसभर घट्ट नी कॅप घालून चालणाऱ्या वयस्क मंडळींची गुडघ्याखालची पोटरी आणि घोटा सुजलेला असतो. गुडघ्याला आधार हवा असेल तर तो सैल हवा आणि थांबल्यावर काढायला हवा. पायजमा दुमडून गुडघ्याशी आवळणेही तसेच. ज्यांना दरवर्षी सूज येते त्यांनी घोट्याशी जास्त आणि वर कमी दाब देणारे लांब मोजे डॉक्टरांना विचारून घ्यावेत, आणि ते पहाटे काकड्याच्या वेळी, सूज नसताना चढवावेत. मधुमेह असलेल्यांनी किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी तपासणी न करता ते वापरू नयेत. मोज्याच्या कडेच्या वर पोटरीवर लाल चट्टे उठले आणि चुरचुरले तर घाबरू नये. उन्हात फार चालल्याने बारीक रक्तवाहिन्यांना येणारा हा दाह विश्रांतीने बहुधा आठ-दहा दिवसांत जातो.

औषधांची चौकशी मी न चुकता करते. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्यांचे घोटे त्या गोळीनेही सुजतात. ती मनाने बंद करायची नाही, वारीच्या आधी डॉक्टरांशी बोलायचे. दुखण्यासाठी सर्रास घेतली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी शरीरात मीठ-पाणी अडवते, आणि घामाने अंग कोरडे पडलेले असताना मूत्रपिंडाला इजा करू शकते. लघवी वाढवणारी गोळी तर सुजेवर कोणी शेजारच्याकडून मागून घेऊच नये; उन्हाच्या सुजेवर तिचा उपयोग नाही आणि उन्हात तिने चक्कर येऊन माणूस कोसळतो.

दोन्ही पाय सारखे सुजले आणि सकाळी उठल्यावर उतरले तर वर सांगितलेले उपाय पुरतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, कातडी गरम आणि लाल आहे, तर शिरेत गुठळी झाली असण्याची शक्यता असते. अशा पायाला कोणाकडूनही चोळून घेऊ नये आणि लगेच वैद्यकीय पथकाकडे जावे. सुजेबरोबर धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडत असेल, तर मुक्कामाचीही वाट पाहू नये. रुग्णवाहिका पालखीबरोबरच असतात.

पंढरपुरात पोचल्यावर सगळे निर्धास्त होतात, आणि मला चिंता तिथे वाटते. चाल संपलेली असते, आषाढीच्या दर्शनबारीत तासन् तास उभे राहायचे असते, आणि त्यानंतर एसटीच्या बाकावर पाय खाली सोडून घरापर्यंतचा प्रवास करायचा असतो. बारीत मी आमच्या बायकांना भजनाच्या ठेक्यावर टाचा उचलायला लावते. परतीच्या गाडीत शक्यतो मधल्या वाटेकडची जागा घ्यायची, बसल्या जागी पाऊल घोट्यातून वरखाली करत राहायचे, गाडी स्थानकात थांबली की उतरून चार पावले टाकायची. साठीच्या पुढच्या, पूर्वी पायात गुठळी झालेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसांसाठी हे अधिक गरजेचे आहे. घरी गेल्यावर आठवड्याभरात सूज उतरायला हवी. उतरली नाही तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी.