सी. डी. देशमुखांनी बाजू बदलली होती का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बँकेतल्या नव्या मुलांना शिकवायला जातो तेव्हा चहाच्या सुट्टीत हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. "सर, आयुर्विमा सरकारी केला तो सी. डी. देशमुखांनी. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही तेच अर्थमंत्री असताना. मग १९६९ साली ते राष्ट्रपतिपदासाठी सरकारीकरणाला विरोध करणाऱ्या जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार कसे?" प्रश्न रास्त आहे. इंदिरा गांधींनी १९ जुलैला १४ बँका सरकारी केल्या आणि १६ ऑगस्टला राष्ट्रपतिपदाचं मतदान झालं. त्या दिवसांत डावं-उजवं कोण, हे बँकांवरूनच ठरत होतं.

माझ्या वडिलांनी दोन रुपयांची एक जुनी नोट जपून ठेवली होती. वर सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली सही देशमुखांची. राजा इंग्लंडचा, पण पैसे द्यायचं वचन आपल्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या माणसाचं, असं ते अभिमानाने सांगत. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, वडील रोह्याला वकील. १९१२ च्या मॅट्रिकला पहिला नंबर आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिज, आणि १९१८ च्या आयसीएस (इंग्रज सरकारच्या सनदी सेवेच्या) परीक्षेतही पहिले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९४४ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधी जिथे ठरले त्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, १९५० मध्ये अर्थमंत्री झाले. हे सगळं पाठ्यपुस्तकात सापडतं, त्यावर मी फार थांबत नाही.

थांबतो ते १९५६ च्या जानेवारीवर. १६ तारखेला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील. शहर पेटलं, गोळीबार झाले, माणसं मेली. आणि त्याच आठवड्यात, १९ तारखेला, त्याच रेडिओवरून अर्थमंत्री देशमुख देशाला सांगत होते की आयुर्विम्याचा कारभार आजपासून सरकारकडे. २४५ कंपन्या आणि सोसायट्या, एका वटहुकमाने. त्यांच्या मनात त्या आठवड्यात काय चाललं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. हातातलं काम त्यांनी पुरं केलं आणि त्याच महिन्यात राजीनामा दिला. तो तेव्हा थोपवण्यात आला. जुलैमध्ये मात्र ते बाहेर पडलेच.

लोकसभेत त्यांनी कारणं सांगितली, ती ऐकण्यासारखी आहेत. मुंबई महाराष्ट्राची आहे हे तर होतंच. ते कुलाब्याचेच खासदार होते. गोळीबाराची चौकशी व्हायला हवी, हेही होतं. पण त्यांचा मोठा आक्षेप वेगळा होता: एवढा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न ठेवता झाला. इथे एखादा हुशार मुलगा मला अडवतो. विम्याचा वटहुकूमही गुपचूपच निघाला होता ना? हो, निघाला होता. आधी कुणकुण लागली असती तर कंपन्यांमधला पैसा हलला असता. म्हणून आधी फक्त कारभार ताब्यात घेतला आणि मालकी नंतर संसदेने कायदा करून घेतली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

स्टेट बँकेचंही तसंच. त्यामागे ग्रामीण पतपुरवठ्याची देशभरची पाहणी होती आणि कायद्यातच पाच वर्षांत ४०० शाखा उघडायचं बंधन घातलेलं होतं. सरकारी मालकी हे त्यांच्यासाठी एक साधन होतं. काम होणार असेल तिथे ते वापरायचं, रीत सांभाळून.

पुढे विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद आलं. त्यातही १९५९ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला एक कायमचं, स्वतंत्र न्यायमंडळ नेमा. सुरुवातीला अर्धा डझन प्रकरणं मीच देतो, असंही ते म्हणाले. नेहरूंनी ते मान्य केलं नाही.

आता १९६९ कडे बघा. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. पंतप्रधानांना हवे होते व्ही. व्ही. गिरी, आणि त्यासाठी त्यांनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या अशी हाक दिली. तिसरे ७३ वर्षांचे देशमुख. माझ्या मते विरोधी पक्षांना त्यांचं अर्थकारण नको होतं. पंतप्रधानांच्या तोंडावर नाही म्हणून खुर्ची सोडलेला माणूस त्यांना राष्ट्रपती भवनात हवा होता. आणि देशमुखांना १९५६ पासून जे खटकत होतं, ते १९६९ मध्ये कमी नव्हे, वाढलेलंच होतं. म्हणून मी म्हणतो, बाजू बदलली नाही. ते उभे होते तिथेच राहिले. पक्षांची रांग त्यांच्याभोवती फिरली. हे माझं वाचन आहे, पण वर्षानुवर्षं विचार करून ठरवलेलं.

ते हरणार हे उघडच होतं. तरी मोजणीचे आकडे मी फळ्यावर लिहितोच. या निवडणुकीत आमदार-खासदार मत देतात, प्रत्येकाच्या मताला ठरलेलं मूल्य असतं आणि ते उमेदवारांपुढे १, २ असा पसंतीक्रम लिहितात. पहिल्या पसंतीची मतं: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कोणीच तिथे पोहोचलं नाही, म्हणून मागे पडलेल्यांना बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली. बाकीच्या लहान उमेदवारांची सगळी मिळूनही साडेआठ हजारांच्या आसपास होती. ती सगळीच्या सगळी गिरींना गेली असती तरी त्यांचा आकडा पुरा झाला नसता. म्हणजे देशमुखांच्या नावापुढे १ लिहिणाऱ्या काही आमदार-खासदारांनी गिरींपुढे २ लिहिला होता, आणि त्यावर राष्ट्रपती ठरले.

एवढं सांगून झालं की मी ती दोन रुपयांची नोट वर्गात फिरायला देतो. मुलं बहुतेक आधी सही शोधतात.