अडीच फुटी जिना आणि विनाफेविकॉलचं कपाट

गावभागातल्या काकूंचा सकाळी फोन आला. "मिस्त्री, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० च्या वर गेलंय. पुस्तकं माडीवर घ्यायचीत, या लवकर." ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं पाणी ज्यानं बघितलंय, तो सांगलीकर ४५ ची वाट बघत बसत नाही. हातातलं काम तसंच टाकून पोराला घेऊन निघालो.

हे पुस्तकांचं कपाट मी त्यांना २०२१ च्या पुरानंतर करून दिलेलं. आधीचं पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे दाबून चिकटवलेल्या भुशाचं, वर चकचकीत लॅमिनेट. पाणी ओसरल्यावर बघायला गेलो तर खालची फळी फुगून दीडपट जाड झालेली. अंगठा दाबला तर भुगा पडला आणि मिनीफिक्सचा, म्हणजे फळ्या जोडायचा खटका भोकाच्या कडांसकट हातात आला. 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून विकलेला माल! कडेला पट्टी चिकटवली की बोर्डाला पाणी लागत नाही, असं सांगणारे अजून आहेत, आणि बिलावर ग्रेड न वाचता पैसे मोजणारेही. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का शोधा. त्यातला गोंद ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. आयएस ३०३ चा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय घरातल्या ओलीपुरता, पुरासाठी नव्हे.

पुस्तकाच्या वजनाचाही लोकांना अंदाज नसतो. झेरॉक्सच्या ५०० कागदांचं पुडकं दोन इंच जाड आणि सव्वादोन-अडीच किलोचं. तीन फुटी फळीवर अशी अठरा उभी राहतात, म्हणजे चाळीस किलोच्या वर. तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर झोल, म्हणजे मधला बाक, आठपट येतो. म्हणून काकूंचे गाळे मी दोन फुटांचेच ठेवले.

एवढ्यापर्यंत सोपं होतं. पेच जिन्याचा. जिना अडीच फुटी, मध्ये वळण. अखंड कपाट वर जाणं शक्यच नाही. काकूंचं म्हणणं एकच, "पुस्तकं यांची आहेत. परत पाणी आलं तर कपाटासकट वर गेली पाहिजेत." आमचे वस्ताद म्हणाले, "फेविकॉल न लावलेला सांधा म्हणजे सांधाच नव्हे." कोरड्या घरात त्यांचं शंभर टक्के खरं. चिकटवून, क्लॅम्प लावून वाळवलेल्या खाचेइतकं भक्कम काही नाही. पण ते कपाट खालीच बुडणार.

मग मी उभ्या फळ्यांना राउटरनं, म्हणजे खाचा मारायच्या मशीननं, सहा मिली खोल खाचा मारल्या. आडवी फळी खाचेत टेकते, वजन खाच घेते, बोल्टचं काम फक्त आवळून धरायचं. अठरा मिली प्लायच्या कडेत सरळ स्क्रू घातला तर थर उकलतात, म्हणून फळीला खालून भोक पाडून आत आडवा बॅरल नट, म्हणजे बोल्ट धरणारी गोल नळीसारखी चाकी, बसवला. मागं नऊ मिलीची पाठ, पतामात, म्हणजे कडेला कापलेल्या पायरीत, बसवून स्क्रूनं कसलेली. ही पाठ पातळ घेऊन चार खिळ्यांवर भागवणारे कारागीर मला बघवत नाहीत. कपाट तिरकं होऊ नये म्हणून सगळा जोर तीच लावते. फेविकॉलचा थेंब नाही. चार वर्षाची नात वर चढली तरी ते हललं नाही, असं काकू सांगतात.

फोन आला त्या दिवशी पाठ पटकन निघाली, बोल्ट हातानं सुटले. फळ्या मात्र खाचेतून निघेनात. उन्हाळ्यात बेतानं बसवलेल्या, पावसाळी हवेनं आवळून गेलेल्या. रबरी हातोड्यानं खालून ठोकत, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, अशा एकेक सोडवल्या. अर्ध्या तासाचं काम दुपारपर्यंत लांबलं. काकू पुस्तकं फडक्यात बांधून पोराच्या हातात देत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "किती झालं ओ पाणी?" ते धोक्याच्या खुणेआधी थांबलं, पण ते आम्हाला रात्री कळलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. खाच अर्धा मिली सैल ठेवली तर पावसात फळी निघेल, पण उन्हाळ्यात खुळखुळेल. वस्ताद म्हणतात, खाच घट्टच ठेव आणि आत मेण घास. मला वाटतं, ओल शिरते ती कापलेल्या उघड्या कडेतून. शेजारच्यांनी तसंच कपाट सांगितलंय. त्यांच्या खाचा आणि कडा आधी पॉलिशचे दोन हात देऊन बंद करणार, मेणही घासणार आणि जुलैत एक फळी काढून बघणार.