तुरिया बाग, व्हॅलेन्सिया : नदीच्या जुन्या पात्रातून 9 किलोमीटर

स्पेनमधल्या या बागेत नदी शोधू नका. 14 ऑक्टोबर 1957 च्या महापुरात 80 हून अधिक माणसं दगावली आणि पुढे तुरिया नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रातून महामार्ग काढायचा घाट होता, तो नागरिकांनी हाणून पाडला. 1986 पासून इथे बाग आहे. पूल जागच्या जागी आहेत, खालून आता सायकली जातात.

पश्चिमेच्या काबेसेरा तळ्यापासून निघा, म्हणजे समुद्राकडचा हलका उतार मिळतो. जवळचं मेट्रो स्टेशन नोउ दोक्तुब्रे, तिथून पुढे थोडं चालावं लागतं. विमानतळावरून मेट्रोच्या 3 आणि 5 नंबरच्या गाड्या थेट येतात. अर्धीच बाग बघायची असेल तर याच गाडीत पुढे अलामेडाला उतरा. ते स्टेशन पात्राच्या खालीच आहे.

मोबाइलचा नकाशा इथे हमखास चकवतो. पुलावर वळायला सांगतो, पण पूल डोक्यावर असतो. वर जायला ठरावीक जिने आणि उतार आहेत. सायकल असेल तर उतार आधीच हेरून ठेवा. दिवसभरासाठी सायकल दुकानातून भाड्याने घेतलेली बरी. व्हॅलेनबिसीच्या सार्वजनिक सायकलीला अर्ध्या तासानंतर जादा पैसे पडतात.

सायकलचा पट्टा वेगळा आणि धावणाऱ्यांची मातीची वाट वेगळी, साधारण 5.7 किलोमीटरची. चौघं-चौघं हात धरून सायकलच्या पट्ट्यावर चालायची आपली सवय इथे सोडावी. घंटी ऐकू येईपर्यंत सायकल अंगावर आलेली असते. रग्बी, बेसबॉल, अॅथलेटिक्सची मैदानं पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात आहेत. झाडांवरची संत्री कडू असतात, तोडू नका.

मुलं बरोबर असतील तर वेळ राखून ठेवावा तो गलिव्हरसाठी. 70 मीटर लांबीचा हा आडवा पडलेला माणूस म्हणजे घसरगुंड्यांचा डोंगर, आणि तोही फुकट. जवळून नुसते चढ-उतार दिसतात. आकार कळतो तो वरच्या पुलावरून. उन्हाळ्यात दुपारी पृष्ठभाग चटके देतो आणि हाफ पँटमध्ये मांड्या सोलवटतात, म्हणून फुल पँट घाला. कुंपणाचं फाटक ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या वेळी बंद होतं, वेळ आधी बघून जा. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सातनंतरच निघा. उजेड नऊपर्यंत असतो.

पुढे कलाविज्ञान नगरी या संग्रहालयांच्या संकुलाच्या पांढऱ्या इमारती लागतात. समुद्र इथून लगेच लागत नाही, मध्ये बंदराचा भाग आहे. पाय थकले असतील तर 10 नंबरची ट्राम पकडा, ती मुख्य रेल्वे स्टेशनजवळ सोडते.