बाबांची पावती

शनिवार, रात्री पावणेबारा

तीन रात्री एकाच प्रॅक्टिकलवर गेल्या. बफर ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रॅमनं राखलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर कोंबून त्याचा ताबा घ्यायचा. जीडीबीत, म्हणजे प्रोग्रॅम आतून तपासायच्या डिबगरमध्ये, चालवलं की शेल मिळतो, हवे ते हुकूम सोडता येतात; बाहेर तेच इनपुट दिलं की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम कोसळतो. आज दुपारी कुठे कारण सापडलं. जीडीबी स्वतःचे ‘लाइन्स’ आणि ‘कॉलम्स’ असे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या नोंदी) गुपचूप घालतो. ते स्टॅकच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीच्या, वरच्या टोकाला जागा खातात, आणि मी घोकून ठेवलेला पत्ता थोडासा सरकतो. परवा रिटर्न ॲड्रेसच्या (काम संपल्यावर प्रोग्रॅमनं कुठे परतायचं त्या पत्त्याच्या) जागी ४१४१४१४१ दिसलं, म्हणजे मीच कोंबलेले चार कॅपिटल ‘ए’, तेव्हा मी एवढ्यांदा ओरडले की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “रिझल्ट लागला का गं?”

आणि हे सगळं कॅनरी (ओव्हरफ्लो झाला की पकडणारी खूण) बंद, एएसएलआर (दर वेळी मेमरीतले पत्ते बदलणारी सोय) बंद, स्टॅकवरून कोड चालवायला मुभा, अशा थाटात. कुत्रं बांधून, दारं सताड उघडी टाकून चोरी शिकायची, तरी तीन रात्री.

एम.टेक.ला सिक्युरिटी घेतल्यापासून गल्लीत मी हॅकर. शेजारच्या काकूंना सुनेचं व्हॉट्सॲप बघायचंय. असो.

लिहायचंय ते वेगळंच. गुरुवारी बाबांनी पतसंस्थेत दोन ठेवी केल्या, एक स्वतःच्या नावावर, एक आईच्या. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, कागद हातात आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पण आता पावती लिंकवरून येते. त्यांनी दोन्ही मेसेज मला पाठवले, “प्रिंट काढून आण.” मी माझ्या फोनवर उघडले. नाव, पत्ता, रक्कम, मुदत, वारस, सगळं समोर. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही नाही. लिंकच्या शेवटी सहा आकडे, तेच पावतीवर ‘पावती क्र.’पुढे. आईचा नंबर बाबांच्या पुढचा.

बोट शेवटच्या आकड्यावर गेलंही होतं.

कुणाला काय बघायचा अधिकार आहे हे न तपासणं, याला आमच्यात ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत २०१७ साली पाचव्या नंबरवर होतं, २०२१ला पहिल्या. माझ्या तीन रात्रींपुढे हे म्हणजे एक आकडा वाढवायचा, बस. पण आयटी कायद्याच्या कलम ४३ला हेतू लागत नाही, परवानगीवाचून शिरणं पुरतं. अप्रामाणिक किंवा कपटी हेतू दिसला तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त बघत होते’ हे सगळेच म्हणतात. अमेरिकेतला रॉबर्ट मॉरिससुद्धा तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थीच होता. २ नोव्हेंबर १९८८ला त्यानं वर्म, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. त्यातली एक वाट फिंगर नावाच्या, दुसऱ्या मशीनवरच्या लोकांची माहिती देणाऱ्या प्रोग्रॅममधून होती, तोच ओव्हरफ्लो, ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट. खटला झाला, दोषी ठरला. पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला हे खरं, पण मला एवढी लांबची वाट नको.

मग सुचलं, आकडा बदलायची गरजच काय? बाबांची पावती माझ्या फोनवर कुणी न विचारता उघडली, दोष इथेच सिद्ध झाला.

सकाळी बाबांना घेऊन गेले. मॅनेजरसाहेबांचा पहिला प्रश्न, “तुम्ही हॅक केलंत?” नाही म्हटलं. “मग काय अडचण आहे? लिंक फक्त ठेवीदारालाच जाते.” मी म्हटलं, काउंटरवर कुणी येऊन अमुक नंबरची पावती मागितली तर तुम्ही पासबुक बघता ना? तुमची लिंक बघत नाही. ते विचारात पडले. मग म्हणाले, “नंबर मोठा करू, कुणाला ओळखता येणार नाही असा.” खरं तर हे अगदीच वाईट उत्तर नाही. ओळखून काढणं अवघड होईल. पण फॉरवर्ड केलेली लिंक तरी उघडणारच. समोर कोण आहे ते विचारा, आणि मग ही पावती त्याचीच आहे का तेही बघा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगता सांगता चहा आला आणि विषय हळदीच्या भावाकडे गेला. त्यात बाबांचा हात कोण धरणार.

शेवटी “लेखी द्या” म्हणाले. तिथेच बसून अर्ज लिहिला. ऑथेंटिकेशनला ‘ओळख पटवणे’ आणि ऑथरायझेशनला ‘अधिकार तपासणे’ लिहिलं. दोन सेमिस्टर जे इंग्रजीत पाठ केलं होतं, ते मला मराठीत पहिल्यांदाच नीट कळलं असं वाटलं. प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. महिनाभर वाट बघायची, नाहीतर सर्ट-इनला, सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं.

येताना बाबा आयर्विन पुलापर्यंत गप्प. मग म्हणाले, “पैसे तर कुठं जात नाहीत ना?”

“नाही. फक्त कुणालाही दिसतील.”

“फक्त?” गाडी बाजूला घ्यायला लावली. “कुणाची किती ठेव आहे हे यार्डात कळलं की आधी उसने मागणारे येतात. मग तुला स्थळं.”

घरी आल्या आल्या त्यांनी दोन्ही मेसेज डिलीट केले आणि निवांत जेवायला बसले. माझ्या फोनवर लिंक अजून उघडते.