बुडाशी दोन शिक्के

इंग्लंडमधल्या ज्या लिलावगृहात मी भांड्यांची पारख करते, तिथे ठरलेल्या वारी कुणीही वस्तू दाखवायला येऊ शकतं. मध्यंतरी एक गृहस्थ दोन भांडी घेऊन आले: झाकणाचा तपकिरी सूपचा वाडगा आणि वीतभर उंचीची करडी फुलदाणी. वाडगा त्यांनी बाजूला सरकवला. "हा रोजच्या वापरातला. फुलदाणी बघा, खुद्द बर्नार्ड लीचची आहे."

लीच म्हणजे ब्रिटिश स्टुडिओ पॉटरीचा, म्हणजे कारखान्याऐवजी कुंभाराने आपल्या छोट्या भट्टीत हाताने घडवलेल्या भांड्यांच्या परंपरेचा, मूळ पुरुष. 1920 मध्ये त्याने जपानी कुंभार शोजी हामादासोबत कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्जला भट्टी उभारली. तिथल्या भांड्यांना बुडाजवळ पॉटरीचा शिक्का असतो: एकमेकांत गुंफलेले एस आणि आय, शेजारी दोन ठिपके. लीचच्या स्वतःच्या हातच्या कामावर जोडीला बी एल. या दोन अक्षरांनी किंमत कुठल्या कुठे जाते. (हामादाने तर जपानला परतल्यावर भांड्यावर शिक्का मारणंच सोडलं, सही करायचा ती भांड्याच्या लाकडी पेटीवर.)

फुलदाणीवर दोन्ही शिक्के होते. मी भिंग लावलं. ओल्या मातीत शिक्का दाबला की कडेची माती किंचित फुगते, आणि वरून दिलेली झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप, खाचेत साचून गडद दिसते. इथे खाचांत झिलईचा टिपूस नव्हता. उलट काठांवर तिचे बारीक टवके उडालेले, आत कोरडी, फिकट माती. भांडं भाजून झाल्यावर कुणीतरी अक्षरं कोरली होती.

मला खरा राग आला, कारण फुलदाणी चांगली होती. मान नेटकी, हात सरावलेला. कुण्या कुंभाराची मेहनत दुसऱ्याच्या नावाखाली गाडून टाकलेली. 1980 च्या सुमारास फेदरस्टोन तुरुंगात कैद्यांनी घडवलेली 'लीच' भांडी तर लिलावातही खपली होती.

वाडगा मात्र अस्सल निघाला. सेंट आइव्जचा एकच शिक्का, खाचेत झिलई भरलेली. हे तिथलं 'स्टँडर्ड वेअर': लीचच्या हाताखालच्या कुंभारांनी रोजच्या जेवणासाठी चाकावर घडवलेलं. झाकण कसंही फिरवून ठेवलं तरी चपखल बसत होतं. पैसे फार येणार नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आणि आज दाखवलेल्यात हीच मोलाची वस्तू आहे, हेही.

"मग फुलदाणीवरचे शिक्के घासून टाकू?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं. घासताना खालची मूळ खूण असलीच तर तीही जायची. 'शिक्के भाजणीनंतर कोरलेले, काम लीचचं नाही' असं लिहून, सही-तारीख करून कागद दिला आणि फुलदाणी विकाल तेव्हा सोबत द्या म्हणून बजावलं.